गाढवाच्या पोटाखालून डांग्या खोकला

आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून जुन्या समजुती आणि घरगुती उपाय वह्यांत उतरवून घेतले. हा संग्रह आजही जपून ठेवलेला आहे. त्यातील काही उपाय पाहा.

डांग्या खोकला झाला की मुलाला गाढवाच्या पोटाखालून फिरवायचे. किंवा पांढऱ्या घोड्यावरून जाणारा माणूस गाठायचा आणि तो सांगेल ते करायचे. चामखिळीवर गोगलगाय घासून ती काट्याला टोचायची. गोगलगाय वाळत जाईल तशी चामखीळ जाईल. सातव्या मुलाच्या हाताला उपजतच गुण असतो, अशीही श्रद्धा होती.

मग लोकांना गुण कसा येई? चामखीळ विषाणूमुळे होते आणि मुलांमध्ये बहुधा वर्षा-दोन वर्षांत आपोआप जाते. डांग्या खोकला कित्येक आठवडे छळून ओसरतो. शेवटी जो उपाय केला, त्याला श्रेय!

मात्र सगळेच हसण्यावारी नेऊ नये. उत्तर आयर्लंडमधील बोहो येथे चर्चच्या आवारातील माती फडक्यात बांधून उशाखाली ठेवीत. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या मातीत स्ट्रेप्टोमायसिस कुळातील जिवाणू सापडल्याचे प्रसिद्ध केले. औषधांना दाद न देणाऱ्या काही जंतूंची वाढ तो प्रयोगशाळेत रोखतो. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन याच कुळातले. पण म्हणून कोणी जखमेवर माती लावू नये. मातीतच धनुर्वाताचे जंतूही असतात.

तेव्हा उपाय जुना की नवा, हा प्रश्न नाही. त्यापायी वेळ किती गेला, हे महत्त्वाचे. शिकत असताना मी वॉर्डात डांग्या खोकल्याने निळी पडणारी मुले पाहिली आहेत. तान्ह्या बाळाला तर खोकल्याची उबळ न येता श्वासच थांबू शकतो. तेथे गाढव शोधायला सवड नसते.

यावर लस आहे. दीड, अडीच व साडेतीन महिन्यांचे डोस, मग सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान आणि पाच-सहा वर्षांचे असताना बूस्टर. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. वाचकहो, बाळाचे लसीकरणाचे कार्ड आजच काढून पाहा. एखादा डोस राहिला असेल, तर उद्याच दवाखाना गाठा.