कोणतेही एक

आमच्या महाविद्यालयातील जुने हस्तलिखित वार्षिक अंक कपाटात कुजत होते. त्यांतले २५० लेख संकेतस्थळावर चढले तेव्हा मी कृतकृत्य होऊन घरी गेलो. महिन्याभराने पाहतो तो काय, वाचकांनी उघडले ते बहुतेक ‘अ’पासून ‘क’पर्यंतचेच! यादी आडनावांनुसार होती ना! आपटे, कदम यांना वाचक भेटले. सोनवणे, हिवाळे यांच्याकडे कोणी फिरकले नाही. वाचकहो, माझेही आडनाव ‘ह’चे आहे. तोंडी परीक्षेला संध्याकाळपर्यंत ताटकळणे म्हणजे काय, ते मला विचारा!

संकेतस्थळ सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याला म्हटले, “अरे, वरच्या पट्टीत ‘मुखपृष्ठ’, ‘यादी’, ‘शोध’ आहेत, तिथेच कोणाच्याही घरात उघडेल असे एक दार कर.”

“रँडम लिंक, सर. विकिपीडियावर असते तशी.”

मराठी विकिपीडियावर तिला ‘अविशिष्ट लेख’ म्हणतात. शब्द शुद्ध खरा. पण शिकविण्याची सवय असूनही तो वर्गात समजावताना मला घाम फुटला. आम्ही ‘कोणतेही एक’ असे लिहिले.

विकिपीडियाची रीत मोठी गमतीची. प्रत्येक लेखाला जन्मतःच ० ते १ यांमधला एक आकडा मिळतो. दुवा दाबला की यंत्र आपलाही एक आकडा काढते आणि त्याच्या लगेच पुढचा लेख उघडते. मोठ्या विश्वकोशात हे खपून जाते. आमच्या छोट्या वस्तीत मात्र दोघांचे आकडे ०.४१० आणि ०.४११ असे खेटून आले, तर दुसऱ्याची पाळी हजारांत एकदाच; समान वाटणीत त्याचा हक्क चारदा. म्हणजे मागल्या बाकावरचा पुन्हा मागेच! तेव्हा आम्ही सरळ चिठ्ठ्या टाकल्या : १ ते २५० मधला एक आकडा काढायचा, त्या क्रमांकाचा लेख उघडायचा.

पहिल्या दिवशी कितीदा दाबले तरी एकच लेख येई! विद्यार्थ्याने सर्व्हरकडून ‘पत्ता कायमचा बदलला’ असा निरोप धाडला होता. आज्ञाधारक ब्राउझरने तो पाठ केला. ‘तात्पुरता’ अशी दुरुस्ती होताच दार फिरू लागले.

आणि १९७२ सालच्या दुष्काळातले एक पान उघडले. सकाळी खडी फोडून दुपारी वर्गात येणाऱ्या मुलीने लिहिलेले. हातांना फोड आल्यामुळे अक्षर वाईट आले, म्हणून तिने शेवटी क्षमा मागितली होती. आडनाव यादीत तळाशी.

“सर, पुन्हा दाबू?”

“थांब रे,” मी म्हटले, “वाचू दे.”