उटण्याचा दाटपणा

उटणे हे अभ्यंगस्नानाच्या वेळी अंगाला चोळण्याचे सुगंधी चूर्ण होय. महाराष्ट्रात नरक चतुर्दशीच्या पहाटे तेल लावून झाल्यावर उटणे लावण्याची प्रथा आहे. घरगुती उटण्यात चंदन, नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद इत्यादींची चूर्णे असतात व त्यांत मसुराच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीचे पीठ अथवा मुलतानी माती मिसळली जाते.

हे चूर्ण पाणी, दूध किंवा गुलाबपाण्यात कालवतात. दाटपणा मुख्यतः पीठ व माती यांवर अवलंबून असतो, कारण दोन्ही द्रव हळूहळू शोषून फुगतात. कालवताना सैल वाटणारे उटणे काही मिनिटांतच घट्ट होते. त्यामुळे द्रव चमच्याचमच्याने घालून, मिश्रण थोडे भिजल्यावरच त्याचा अंदाज घेणे योग्य ठरते. फार पातळ उटणे अंगावरून ओघळते व त्यातील जड कण तळाशी बसतात; त्यात कोरडे चूर्ण वाढवावे लागते. फार घट्ट उटणे लवकर सुकते आणि चोळताना त्वचा ओढली जाते.

दाटपणा आणि खरखरीतपणा यांत मात्र अनेकदा गल्लत होते. नागरमोथा किंवा संत्र्याची वाळलेली साल जाडसर दळली गेल्यास कण त्वचेला ओरखडतात, विशेषतः लहान मुलांच्या. पाणी वाढवल्याने हा दोष जात नाही. त्यासाठी चूर्ण वस्त्रगाळ करावे लागते.

दुधात कालवलेले उटणे लवकर नासते, म्हणून ते लागेल तेवढेच भिजवतात.