रक्ताच्या कर्करोगात खुणा पुसणारे औषध : दोन फेऱ्यांनंतर का थांबू नये?

घरातले वयस्क माणूस पांढरे पडते, चार पावले चालले की धाप लागते, मार न लागताही अंगावर काळे-निळे डाग उठतात. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू होतात. तरी हिमोग्लोबिन वाढत नाही. रक्ताची पिशवी चढवली की काही दिवस बरे, मग पुन्हा तेच. अशा रुग्णाला शहापूर-मुरबाडहून मुंबईला पाठवले जाते, अस्थिमज्जा तपासली जाते आणि कधी कधी कागदावर नाव येते : मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, थोडक्यात एमडीएस. यात मज्जेतल्या रक्तपेशी नीट तयारच होत नाहीत. हा रक्ताचा कर्करोगच आहे. कुणाच्या पूर्वकर्माचा यात काही संबंध नाही.

आजार जोखमीचा असेल तर डॉक्टर बहुधा अ‍ॅझासिटिडीन नावाचे इंजेक्शन सुचवतात. ते इतर केमोथेरपीसारखे वागत नाही आणि नेमके हेच घरच्यांना कोणी नीट सांगत नाही, असा आमचा अनुभव आहे.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच एक ग्रंथ असतो. तरी कातडीची पेशी वेगळी आणि यकृताची वेगळी, कारण कोणते पान उघडे ठेवायचे आणि कोणते चिकटवून बंद करायचे याच्या खुणा पेशीपेशीत निराळ्या असतात. मजकूर तोच, खुणा वेगळ्या. या खुणा लावण्याचे आणि काढण्याचे काम विकरे, म्हणजे एन्झाइम करतात. त्यातले एक विकर डीएनएवर मिथाइल नावाची बारीक खूण डकवते. पेशीची बेसुमार वाढ रोखणाऱ्या जनुकांवर अशा खुणा साचल्या की ती पाने बंद पडतात. लगाम शाबूत असतो, पण हाताला लागत नाही.

मजकूर बिघडला तर तो दुरुस्त करणे अवघड. खूण मात्र पुसता येते, म्हणून औषधाचा नेम विकरावर धरला गेला. अ‍ॅझासिटिडीन 1964 साली प्राग येथील रसायनशास्त्रज्ञांनी पेशी मारणारे औषध म्हणून तयार केले. मोठ्या मात्रेत ते रुग्णाला झेपत नसे. 1980 मध्ये अमेरिकेत पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी दाखवले की ते मिथाइलच्या खुणा घालवते. मग कमी मात्रेत वापर सुरू झाला आणि 2004 मध्ये अमेरिकेत एमडीएससाठी त्याला मान्यता मिळाली.

हे औषध डीएनएच्या एका अक्षरासारखे दिसते. पेशी दुभंगताना ते नव्या डीएनएत शिरते. जुन्या खुणांची नक्कल करायला आलेले विकर तिथेच अडकते आणि नष्ट होते. नव्या पेशीत खुणा कमी उतरतात, तिच्या पुढच्या पेशीत आणखी कमी. म्हणजे पेशी दुभंगली तरच औषधाला काम. ते शरीरात फार वेळ टिकतही नाही. म्हणून दर 28 दिवसांतले सात दिवस इंजेक्शन आणि पुन्हा पुन्हा फेऱ्या.

पहिल्या एक-दोन फेऱ्यांत तर रक्तपेशी आणखी खाली जाऊ शकतात. घरचे म्हणतात, औषधाने माणूस जास्तच खंगला, आता पुरे. ही निराशा आम्ही समजू शकतो. पण फरक दिसायला अनेकदा दोन-तीन महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. त्यामुळे डॉक्टर निदान सहा फेऱ्या पूर्ण करायला सांगतात. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 358 रुग्णांच्या चाचणीत, जास्त जोखमीच्या एमडीएसमध्ये या औषधावर मध्यम आयुर्मान साडेचोवीस महिने आढळले, इतर नेहमीच्या उपचारांवर पंधरा महिने. हे औषध आजार मुळासकट काढत नाही. तो काढण्याची शक्यता मज्जा प्रत्यारोपणात असते आणि ते प्रत्येकाला, विशेषतः वृद्धांना, झेपत नाही. तरी नातवंडांत काढलेले नऊ महिने थोडे नव्हेत.

आपल्याकडे मिश्री, तंबाखू आणि गुटख्यामुळे तोंडाचा कर्करोग जास्त दिसतो. त्यावर असे औषध अजून नेहमीच्या उपचारात नाही. तिथे शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी हाच मुख्य मार्ग आहे. टाटा मेमोरियलच्या खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक संस्थेत जठराच्या कर्करोगातील अशा खुणांवर संशोधन चालते. ‘जनुके बदलणारी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

आता येण्याजाण्याचे. मुरबाडहून एसटीने कल्याण आणि पुढे लोकल, शहापूरकरांना आसनगावहून लोकल, असे सलग सात दिवस आजारी माणसाला कसे न्यायचे? डॉक्टरांना विचारा : पाच दिवस इंजेक्शन, शनिवार-रविवार सुट्टी, मग उरलेले दोन दिवस, असेही वेळापत्रक चालते. जवळच्या रुग्णालयात सोय होईल का, हेही विचारा. मात्र औषध काळजीपूर्वक तयार करून लवकर टोचावे लागते, त्यामुळे साध्या दवाखान्यात ते जमत नाही. मुक्कामासाठी दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाकडून चिठ्ठीची चौकशी करावी. महात्मा फुले योजनेत काय बसते हे आरोग्यमित्राकडून आधीच समजून घ्यावे. रेल्वे तिकिटात कर्करुग्णाला आणि एका सोबत्याला सवलत मिळते, तिला रुग्णालयाचा दाखला लागतो.

आणि फेऱ्या सुरू असताना ताप आला, तर घरी गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना जंतुसंसर्ग काही तासांत पसरतो. इंजेक्शनचा कागद बरोबर घेऊन त्याच रात्री रुग्णालय गाठा.