कुरळ्या केसांचा प्रश्न

केसांसारखा विषय व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कशाला, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या प्रश्नावरून घराघरांत मायलेकींचे वाद होतात, ज्याच्यासाठी हजारो रुपये मोजले जातात आणि ज्याचा धागा शेवटी आरोग्यापर्यंत जाऊन पोचतो, तो प्रश्न क्षुल्लक म्हणून टाळता येत नाही. नांदेड घ्या की लातूर घ्या, कोणत्याही हमरस्त्याने चालत गेले तर ब्युटी पार्लरच्या दारावर स्मूदनिंग, रिबॉन्डिंग, केराटिन अशा पाट्या दिसतात. लग्नसराई जवळ आली की तेथे गर्दी वाढते. ज्या मुलीचे केस मुळातच बारीक वळणांचे, स्प्रिंगेसारखे गुंडाळलेले असतात, तिला लहानपणापासून ‘झिपरी’, ‘पाखराचं घरटं’ अशी विशेषणे ऐकावी लागतात. मग वयात आल्यावर एक दिवस तिच्यापुढे प्रश्न उभा राहतो, की हे केस रसायन लावून सरळ करावेत, थोडे सैल करून घ्यावेत, की आहेत तसेच राखावेत? या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याने द्यावयाचे नाही. परंतु ते कोणत्या माहितीच्या आधाराने द्यावे, एवढे सांगता येण्याजोगे आहे.

प्रथम केस म्हणजे काय ते पाहू. डोक्याच्या त्वचेबाहेर जो केस दिसतो तो निर्जीव असतो. जिवंत भाग त्वचेच्या आत, मुळाशी. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी बांधलेल्या असतात. पहिला बंध हलका. तो पाण्याने सुटतो व वाळल्यावर पुन्हा जुळतो. दुसरा बंध गंधकाचा. एका साखळीतील गंधकाचा अणू दुसरीतील गंधकाच्या अणूला धरून ठेवतो आणि हा बंध साध्या पाण्याने किंवा साबणाने सुटत नाही. केसाचा आकार टिकतो तो मुख्यतः या दुसऱ्या बंधामुळे. सरळ केसाचे मूळ त्वचेत सरळ उतरलेले असते आणि त्याचा आडवा छेद बहुधा गोल असतो. कुरळ्या केसाचे मूळच वाकलेले असते आणि छेद चपटा, लंबगोल असतो. म्हणून कुरळेपणा ही काही निगा न राखल्याची खूण नव्हे. ती जन्मजात घडण आहे.

या घडणीचे दोन परिणाम ध्यानात ठेवले पाहिजेत. त्वचेतून झिरपणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून टोकापर्यंत उतरते. वळणावळणाच्या केसावरून ते उतरू शकत नाही. त्यामुळे कुरळा केस टोकाकडे कोरडा राहतो. शिवाय प्रत्येक वळण ही एक कच्ची जागा असते. तेथे फणी अडकते आणि केस तुटतो. म्हणजे ज्या केसावर रसायनाचा प्रयोग करण्याचा मोह अधिक होतो, नेमका तोच केस रसायन सोसण्यास अधिक नाजूक असतो.

आता केस सरळ करण्याच्या रीती पाहू. तापलेल्या इस्त्रीने केस सरळ होतात, कारण उष्णतेने पहिला, हलका बंध मोडतो. आषाढातली दमट हवा लागली किंवा न्हाणे झाले की तो बंध पूर्ववत् जुळतो आणि केस पुन्हा वळतो. हा उपाय चार दिवसांचा. तथापि इस्त्री फार तापलेली असेल आणि रोज फिरवली तर केस करपतो.

कायमच्या उपायात गंधकाचा बंध मोडावा लागतो. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात अमोनियम थायोग्लायकोलेटसारखे रसायन लावून बंध सोडवतात, केस इस्त्रीने ताणून सरळ करतात आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइड लावून बंध नव्या जागी पुन्हा जुळवतात. रिबॉन्डिंग ते हेच. गंमत अशी, की याच रसायनाने सरळ केस कुरळेही करता येतात. केस ताणण्याऐवजी नळीभोवती गुंडाळला की झाले. युरोपात विसाव्या शतकाच्या आरंभी कार्ल नेसलर या केशकाराने स्त्रियांच्या सरळ केसांना कायमच्या लाटा पाडण्याची रीत प्रचारात आणली आणि त्या लाटांसाठी लोकांनी पैसे मोजले. एकीकडे सरळ केसांना वळण हवे म्हणून खर्च होतो, दुसरीकडे वळण नको म्हणून खर्च होतो. यावरून सौंदर्याची फॅशन किती अस्थिर असते ते दिसून येते.

दुसरा मार्ग अधिक उग्र. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे साबण करताना वापरतात तो कॉस्टिक सोडा, किंवा त्याच जातीचे दुसरे क्षार असतात. यात गंधकाच्या बंधातील एक अणूच निघून जातो आणि तो बंध पुन्हा पूर्वीसारखा जोडता येत नाही. अतिशय घट्ट वळणांच्या केसांसाठी परदेशांत हा मार्ग फार वापरला गेला. त्वचेवर तो क्षार अधिक वेळ राहिला तर भाजल्यासारखी जखम होते.

टेक्स्चरायझिंग म्हणून जो प्रकार सांगितला जातो, त्यात केस पूर्ण सरळ करावयाचा नसतो. घट्ट वळण थोडे सैल करावयाचे असते. ऐकण्यास हे सौम्य वाटते. परंतु त्यासाठी वेगळे, निरुपद्रवी असे औषध नाही. रसायन तेच, ते केसावर थोडा वेळ ठेवतात, इतकाच फरक. म्हणून सारा भरवसा करणाऱ्याच्या हातावर आणि घड्याळावर असतो. पाच मिनिटे अधिक झाली की अर्धे सैल होण्याऐवजी पूर्ण सरळ, किंवा एके ठिकाणी सरळ आणि एके ठिकाणी कुरळे, अशी गत होते. शिवाय वरील दोन मार्ग एकमेकांशी जुळत नाहीत. एका पार्लरमध्ये पहिल्या मार्गाने केलेल्या केसांवर दुसरीकडे दुसरा मार्ग वापरला तर केस तुटून हातात येऊ शकतात. मेंदीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत धातूंचे क्षार मिसळलेले असतात. त्यांची आणि पेरॉक्साइडची गाठ पडली तर केस तापून त्यांची नासाडी होते. म्हणून आधी केसांना काय काय लावले आहे, हे पार्लरमध्ये न लपवता सांगितले पाहिजे.

तिसरा प्रकार केराटिन या नावाने चालतो. नावावरून केसांना पौष्टिक खुराक मिळतो असा समज होतो. प्रत्यक्षात यांतील अनेक द्रावणांत फॉर्माल्डिहाइड, किंवा तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड सोडणारा पदार्थ असतो. इस्त्री फिरताच डोळे चुरचुरतात, नाकाला झोंबते, ते त्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. तो नको म्हणून काही द्रावणांत ग्लायॉक्सिलिक ॲसिड आले. २०२४ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात सव्वीस वर्षांच्या एका तरुणीची हकीकत प्रसिद्ध झाली. २०२०, २०२१ आणि २०२२ अशा तीन वेळा केस सरळ करून घेतल्यावर प्रत्येक वेळी तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. त्या मलमात हेच आम्ल होते, आणि उंदरांच्या त्वचेवर तेच मलम लावले असता त्यांच्या मूत्रपिंडांत ऑक्झलेटचे खडे आढळले.

अमेरिकेतील आणखी एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ३३,४९७ स्त्रियांची सुमारे अकरा वर्षे नोंद ठेवली होती. त्यांपैकी ३७८ स्त्रियांना गर्भाशयाचा कर्करोग झाला. केस सरळ करणारी रसायने कधीही न वापरणाऱ्या स्त्रियांत वयाच्या सत्तरीपर्यंत हा रोग होण्याचे प्रमाण शेकडा १.६४ निघाले, वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांत ते शेकडा ४.०५ निघाले. या आकड्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. या सर्व स्त्रियांच्या बहिणींना स्तनाचा कर्करोग झालेला होता, आणि दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते असे नाही. तथापि एकदा लग्नापुरते करणे आणि दर तीन महिन्यांनी वर्षानुवर्षे करीत राहणे यांत फरक आहे, एवढा बोध त्यातून निश्चित घ्यावा.

आता आपल्या भागाकडे वळू. मराठवाड्याची जमीन काळ्या बसाल्टची आणि येथील पुष्कळ विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी जड. अशा पाण्यातील कॅल्शियम साबणाशी संयोग पावून चिकट साका तयार होतो. तो केसांवर बसतो आणि केस राठ, निस्तेज दिसतात. शिक्षणासाठी लातूरला येऊन वसतिगृहात राहणाऱ्या मुली ‘इथे आल्यापासून केस खराब झाले’ असे म्हणतात, त्यात तथ्य असू शकते. परंतु तो दोष केसांच्या वळणाचा नाही, पाण्याचा आणि साबणाचा आहे. शाम्पूचा किंवा शिकेकाईचा असा साका होत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते दिवस लातूरकर विसरलेले नाहीत. पहिल्या खेपेस पाच लाख लिटर पाणी आले होते. पाण्याची अशी चणचण असताना दाट केस धुणे हे संकटच. तेव्हा ‘सोपे पडावे म्हणून केस सैल करते’ असे एखादी म्हणाली, तर तिला नटवी म्हणून हिणवू नये. तिचे कारण विचारात घेण्याजोगे आहे.

तरीही रसायनाकडे जाण्यापूर्वी साधे उपाय नीट करून पाहावेत. साबण सोडावा. न्हाण्यापूर्वी खोबरेल तेल लावावे. मुंबईतील एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेतील रेले व मोहिले या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिले, की खोबरेल तेल केसात मुरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. सूर्यफुलाच्या तेलाने तसे होत नाही. बारीक दातांची फणी उवा काढण्यापुरती ठेवावी. केस ओले असताना मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून सुरुवात करून मुळाकडे जात गुंता सोडवावा. दोन महिने एवढे केले तर आपले केस खरोखर कसे आहेत हे अनेकींना प्रथमच कळेल.

कुरळ्या केसांचा उपयोग काय, असेही कोणी विचारील. २०२३ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी तापवलेल्या पुतळ्याच्या डोक्यावर निरनिराळे टोप चढवून मोजमाप केले, तेव्हा घट्ट कुरळ्या केसांच्या टोपाखाली उन्हाची उष्णता सर्वांत कमी पोचते असे आढळले. नांदेडच्या वैशाखात फिरणाऱ्याला ही काही लहान देणगी नव्हे. आणि हे केस आपल्या मातीला परकेही नाहीत. १६१० मध्ये खडकी शहर वसवणारा, निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर हा मूळचा आफ्रिकेतील हबशी. जंजिऱ्याचे सिद्दी आणि कारवारच्या जंगलपट्टीतील सिद्दी हे तशाच आफ्रिकी वंशाचे लोक. त्यांच्यात हे केस पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे: हा निर्णय कोणाचा? महाराष्ट्रात स्त्रीच्या केसांचा निर्णय फार काळ दुसऱ्यांनी घेतला. विधवेचे केशवपन तिच्या इच्छेने होत नसे. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावण्यास नकार दिला, तेव्हा त्यांनी एका अर्थी ते केस त्या बाईचे आहेत हेच सांगितले. गुंता झालेल्या केसांना देवीची जट ठरवून ती आयुष्यभर वागवावयास लावणे, हाही त्याच जातीचा अन्याय. अशा जटा समजूत घालून सोडवण्याचे काम अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते करीत आले आहेत. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमापूर्वी ‘केस सरळ करून घे’ असा घरातून हुकूम सुटतो, तेव्हा त्या जुन्याच अधिकाराचा नवा अवतार आपल्यासमोर असतो. त्याचप्रमाणे, मुलीने स्वतः विचार करून केस सैल केले तर तिने आपला वारसा टाकला म्हणून तिला दूषण देणे हीसुद्धा सक्तीच होय.

ज्यांना करावयाचेच आहे त्यांनी काही पथ्ये पाळावीत. गर्भारपणी, डोक्यावर जखम किंवा खरूज असताना, आणि लहान मुलींच्या बाबतीत हे करू नये. डबा स्वतः पाहावा. त्यावर घटक छापलेले असणे भारतीय कायद्याने आवश्यक आहे, आणि बिनलेबलाच्या बाटलीतील द्रावण केसांना लावू देऊ नये. आधी आतल्या बाजूच्या एका बटेवर प्रयोग करावा. कानामागे थोडे लावून दोन दिवस वाट पाहावी. जागा हवेशीर असावी, आणि जळजळ होताच थांबवण्यास सांगावे. भिडेखातर सोसू नये.

एक हिशेब मात्र कोणीही करू शकेल. केस महिन्याला सुमारे सव्वा सेंटिमीटर वाढतो, आणि रसायनाचा परिणाम मुळावर होत नसल्याने नवा येणारा केस पूर्वीसारखाच कुरळा येतो. तीन महिन्यांत वर कुरळे आणि खाली सरळ असे दोन प्रकार दिसू लागतात. मग पुन्हा खर्च, पुन्हा रसायन. मन बदलले तर हातभर नव्हे, केवळ फूटभर केस पूर्ववत् होण्यासही दोन वर्षे लागतात. जो निर्णय एका दुपारी घेतला जातो त्याची मुदत दोन वर्षांची असते, हे समजून जी हो म्हणेल तिचा होकार खरा, आणि हेच समजून जी नाही म्हणेल तिचा नकारही तितकाच खरा.