‘रन’ या इंग्रजी क्रियापदाची अनेकार्थता

‘ही रन्स अ स्कूल’ या वाक्याचे ‘तो शाळेत धावतो’ असे भाषांतर उत्तरपत्रिकेत आढळले की आपण त्यावर लाल रेघ ओढतो. या चुकीमागील भाषिक कारण मात्र सहसा समजावून दिले जात नाही. प्रस्तुत लेखात त्या कारणाचा विचार करावयाचा आहे.

ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत दीर्घ नोंद ‘सेट’ची होती. तिसऱ्या आवृत्तीच्या कामात तो मान ‘रन’कडे गेला. कोशकार पीटर गिलिव्हर यांनी या क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे केल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. नाक गळणे, कपड्याचा रंग जाणे, निवडणुकीस उभे राहणे हे सारे ‘रन’च.

या विस्ताराचे एक कारण ऐतिहासिक आहे. प्राचीन इंग्रजीत ‘धावणे’ या अर्थी ‘रिनन’ आणि ‘धावविणे’ या अर्थी ‘ॲर्नन’ अशी दोन क्रियापदे होती. कालांतराने ती एकाच रूपात मिसळली. स्कॅन्डिनेव्हियन भाषेतील सजातीय क्रियापदाचाही त्यावर प्रभाव पडला. म्हणून यंत्र स्वतः ‘रन’ होते आणि कारागीरही यंत्र ‘रन’ करतो. मराठीने हा भेद क्रियापदाच्या रूपातच राखला आहे: चालणे आणि चालविणे. इंग्रजी वाक्यात प्रयोजकाची अशी खूण नसते. ती कर्मावरून ताडावी लागते. विद्यार्थ्याजवळ कोशातील पहिला अर्थ तेवढा असतो, आणि ‘धावणे’ला कर्म जुळत नाही म्हणून तो बिचारा ‘शाळे’ला सप्तमीचा प्रत्यय लावून मोकळा होतो. चूक खरी, पण तीत व्याकरणाची जाण आहे.

गंमत अशी की, इंग्रजीत जे धावते ते मराठीत बहुधा चालते: घड्याळ, दुकान, नाटक. नदी मात्र वाहते. क्रिकेटमध्ये आपण ‘धाव’ जशीच्या तशी स्वीकारली. चेंडू सीमापार गेल्यावर कोणीही न धावता चार धावा मिळतात, याचे आता नवलही वाटत नाही. उलट २००७ मध्ये ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेवर आलेला ‘रन’ वाणिज्याच्या वर्गात सांगताना ‘धाव’ कामास येत नाही. ठेवी काढून घेण्यासाठी उडालेली झुंबड, असेच म्हणावे लागते.

अध्यापनात अर्थांची यादी पाठ करवून घेण्यापेक्षा ‘रन’पुढे कर्म आहे काय, हा प्रश्न आधी विचारावा. ‘रन अ माइल’सारख्या प्रयोगात पुढे नाम असूनही प्रयोजक अर्थ नसतो, हा अपवाद त्याच तासाला सांगून टाकावा.