घरामागून होडी

आमच्या वैशाखऱ्याहून म्हशाच्या जत्रेला जायचे म्हणजे माझ्या लहानपणी बैलगाडीच जुंपली जाई. पौष पौर्णिमेला भरणारी ही जत्रा मुरबाड तालुक्यात बैलांच्या बाजारासाठी नावाजलेली. गाडीत घोंगड्या, पातेली, तांदूळ, चुलीपुरती लाकडे आणि वर आम्ही पोरे. तीनचार दिवस बिऱ्हाड तिथेच. येताना गाडीच्या मागे दाव्याने बांधलेला एखादा नवा खोंड असे. मग आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, कासरा माझ्या वडिलांच्या हाती देत आणि स्वतः गाडीच्या मागल्या तोंडाशी, बैलांकडे पाठ करून बसत. "पुढचं बैल बघतात. मागचं कोण बघणार?" असे ते म्हणत.

हे आठवायला कारण झाले गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातला प्रवास. सौ.ला रजा मिळाली नाही. म्हणून मी, माझा अकरा वर्षांचा मुलगा आणि ब्याऐंशी वर्षांचे अण्णा असे तिघेच अमेरिकेत मिशिगन राज्यात दादाकडे गेलो होतो. दादा हा अण्णांचा मुलगा. डेट्रॉइटजवळ मोटारींच्या धंद्यात इंजिनियर आहे. वैशाखऱ्याच्या शाळेत अनवाणी जाणारा हा माणूस आता सुट्टीत घर बरोबर घेऊन फिरतो, हे आम्हांला फोनवरून ठाऊक होते. घराच्या मागे तो होडीही बांधतो, हे मात्र तिथे गेल्यावर कळले.

पहाटे अंगणात उभी असलेली ती वरात पाहून अण्णा बराच वेळ काही बोललेच नाहीत. पुढे भला थोरला पिकअप ट्रक. त्याच्या पाठीवर मान टेकवलेले चाकांवरचे घर. त्यात चूल, पलंग, मोरी, सारे काही. आणि घराच्या शेपटाला दुसरा गाडा, त्यावर सोळा फुटी अल्युमिनियमची होडी. सगळे मिळून लांबी साठ फुटांहून अधिक, म्हणजे जवळजवळ पावणेदोन एसट्या! मिशिगनमध्ये एकामागे एक असे दोन गाडे ओढायचे तर साधा परवाना पुरत नाही. लेखी परीक्षा देऊन परवान्यावर 'आर' हे जादा अक्षर मिळवावे लागते. तिथे प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. कुठे हे चालते, कुठे मुळीच चालत नाही. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले खरे, पण आपली कॅराव्हॅन म्हणजे बहुधा मोटारीतच थाटलेले घर. मागे होडी बांधण्यापर्यंत आपली मजल अजून गेलेली नाही.

मिशिगनमध्ये ही हौस फोफावली त्यात नवल नाही. त्या एका राज्यात लहानमोठी अकरा हजारांवर तळी आहेत. शिवाय होडीला मागून लावायचे इंजिन लोकप्रिय केले ते शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ओले एव्हिन्रूड नावाच्या नॉर्वेजियन कारागिराने, १९०९ च्या सुमारास. असे सांगतात की, सहलीला गेले असता त्याच्या प्रेयसीला आइस्क्रीम खावेसे वाटले, ते आणायला तो वल्ही मारीत गेला आणि परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळून गेले! खरेखोटे देव जाणे. पण बायकोच्या शब्दाखातर लागलेले शोध आपण समजतो त्याहून पुष्कळ असावेत.

दादाने अण्णांना सगळा सांगाडा हिंडून दाखवला. ट्रकच्या पाठीवरच्या ज्या जोडावर घराची मान टेकते त्याला तिकडे 'पाचवे चाक' म्हणतात. जुन्या घोडागाड्यांत पुढचा आख वळावा म्हणून एक आडवे चाक बसवलेले असे, त्यावरून हे नाव आले. गाड्याचा भार मागल्या आखावर बरोबर पडावा म्हणून हा जोड ट्रकच्या पोटात घेतलेला. होडीच्या गाड्याचे निराळे. त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा किंवा थोडा अधिक भार पुढच्या जोडावर पडलाच पाहिजे. मागे वजन जास्त झाले तर गाडा शेपटी हलवू लागतो, आणि वेग वाढला की ते हेलकावे आवरत नाहीत.

"म्हणजे उलाळ," अण्णा म्हणाले. "गाडी उलाळ झाली की जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो."

दादा हसला. इंजिनियरिंगची चार वर्षे अण्णांनी एका शब्दात गुंडाळली होती.

निघताना माझी चौदा वर्षांची पुतणी हातात यादी घेऊन एकेक कलम वाचत होती. साखळ्या, दिवे, टायरांतली हवा, आणि शेवटी होडीचे बूच. होडीच्या तळाला भोक असते. पाण्यातून बाहेर काढली की बूच उघडून साठलेले पाणी काढून टाकायचे. २०१९ पासून मिशिगनमध्ये हा कायदाच आहे. तिथल्या सरोवरांत १९८८ साली झेब्रा मसल नावाच्या परदेशी शिंपल्या सापडल्या. जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून त्या आल्या आणि एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात पसरत गेल्या. कल्याणजवळ उल्हास नदीत जलपर्णी माजलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना याची कल्पना येईल. तर बूच काढायचे हा कायदा, आणि पुन्हा होडी पाण्यात घालण्याआधी ते लावायचे हे शहाणपण. "बाबा एकदा विसरले होते," पुतणी मला हळूच म्हणाली. "आम्ही उभ्या उभ्या बुडालो."

दादा चालवीत होता आणि त्याच्या शेजारी वाटाड्या म्हणून मी. आता माझी चूक सांगतो. दुपारी हमरस्ता सोडल्यावर फोनमधल्या बाईने उजवीकडे वळायला सांगितले. दादा म्हणाला, "रस्ता अरुंद दिसतोय." मी म्हणालो, "अरे, नकाशात सरळ तळ्यापर्यंत जातो." नकाशात जात होता, प्रत्यक्षात तो एका शेताच्या फाटकाशी संपला.

एक गाडा मागे घेणे हेच मुळी उलटे गणित आहे. चाक डावीकडे फिरवावे तर गाडा उजवीकडे जातो. दोन गाडे असले की उलट्याचे पुन्हा उलटे होते, आणि हातभर मागे जाताच दोन्ही गाडे चाकूसारखे मिटू लागतात. म्हणून असे लोक पेट्रोलसुद्धा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येईल अशाच पंपावर भरतात. आम्ही होडीचा गाडा सोडवला, सहाजणांनी ढकलून कडेच्या गवतात नेला, दादाने घर वीतवीत मागे घेतले, मग होडी पुन्हा जोडली. दीड तास गेला. वहिनींनी डब्यातले दडपे पोहे काढले. दादा मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरे वाटले असते.

तळ्यावरचे तीन दिवस सुखाचे गेले. तेवढ्यात दादाने होडी तीनचार वेळा पाण्यात घातली आणि काढली. पहाटे धुक्यात अण्णा आणि माझा मुलगा गळ टाकून बसत. एकही मासा मिळाला नाही, पण त्याबद्दल तक्रारही कुणी केली नाही.

परतताना मॅकिनॉचा पूल लागतो. सरोवरांच्या सामुद्रधुनीवरचा हा सुमारे आठ किलोमीटरांचा झुलता पूल १९५७ साली खुला झाला. वारा वाढला की घर ओढणाऱ्या गाड्यांना तिथे पुढे राखणदार गाडी देऊन हळूहळू नेतात; फारच वाढला तर पूल बंद. दुपारनंतर वाऱ्याचा इशारा होता, म्हणून दादाला घाई झाली होती. पुलाच्या अलीकडे एका विसाव्यावर पाच मिनिटे थांबलो. अण्णा उतरले आणि सवयीने शेपटाकडे चालत गेले.

परत आले ते म्हणाले, "वंगण जळतंय."

"अण्णा, ही बैलगाडी नाही," दादा म्हणाला. आवाज चढलेला होता. "चला, बसा लवकर."

अण्णा बसले नाहीत. उन्हात तसेच उभे राहिले. मुले गप्प झाली. वहिनींनी माझ्याकडे पाहिले. शेतातल्या फाटकापासून माझी जीभ बांधलेली होती, तरी मी जाऊन होडीच्या गाड्याच्या डाव्या चाकाजवळ हात नेला. आखाच्या टोपणाला बोट लावले आणि झटकन मागे घेतले.

दादाने टोपण उघडले. आत वंगण नव्हतेच. ताकासारखे पांढुरके पाणी होते. हे कसे होते ते त्याने मागाहून सांगितले. दिवसभर धावून चाकाचा तुंबा तापतो, आतली हवा फुगते; तो तसाच गार पाण्यात घातला की हवा आक्रसते आणि तळ्याचे पाणी आत ओढून घेते. वंगण नासते, बेअरिंग झिजते आणि पुढे कधीतरी चाकच निसटते. उपाय साधा आहे. तळ्यावर पोचल्यावर अर्धा तास थांबायचे, मग होडी पाण्यात घालायची. आणि वंगण वरचेवर पाहायचे. दादाला हे सगळे ठाऊक होते. पोरांना पाण्याची घाई होती, एवढेच.

पुलावर मधल्या मार्गिकेला लोखंडी जाळी आहे. खाली पाणी दिसते. आम्ही घर तेवढे घेऊन पूल ओलांडला. होडी अलीकडच्या एका गाडीतळावर पैसे भरून ठेवली. आठ दिवसांनी बेअरिंग बदलून दादा ती एकटाच घेऊन आला. पूल ओलांडताना अण्णा मात्र अजूनही मागे वळून पाहत होते.

यंदा पौषात दादा वैशाखऱ्याला आला. संध्याकाळी आम्ही तिघे हमरस्त्यावर उभे होतो. इथून पुढे रस्ता माळशेज घाट चढतो. आणि त्याच डोंगररांगेत नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळी होड्यांनी कल्याणच्या बंदरात आलेला माल बैलांच्या पाठीवर लादून त्याच वाटेने जुन्नरला जाई. राणी नागनिकेचा लेख तिथल्या गुहेत आजही आहे. दगडी पायऱ्यांच्या त्या वाटेवर चाकाचे काम नाही, आणि होडी तर कल्याणलाच थांबे. दादाची नजर मात्र माळशेजच्या वळणांवर होती. घाटमाथ्यापलीकडे पिंपळगाव जोग्याचे धरण आहे, तेवढे पाणी त्याला पुरेसे होते.

"माझी गाडी चढेल हा घाट," तो म्हणाला.

"चढेल की," अण्णा म्हणाले. "वळणावर समोरून एसटी आली तर मागं कुठं घेशील?"

दादाने उत्तर दिले नाही. पण या उन्हाळ्यात त्याने तळ्याकाठी एक छप्पर भाड्याने घेतले आहे. होडी तिथेच असते, घर तेवढे जाते-येते. रविवारी त्याचा फोन येतो तेव्हा अण्णा आधी नातीची चौकशी करतात, मग वंगणाची.