संगणक घेताना दात पाहावे!

मुलांनो, बाजारात बैल घ्यायला गेलेला जाणता शेतकरी काय पाहतो? शिंगांचा हिंगूळ? पाठीवरची झूल? छे! तो बैलाचा जबडा उघडतो आणि दात पाहतो. दातावरून वय कळते. झूल काय, कुणीही घालील! संगणकाचेही अगदी असेच आहे, बरे का. कसे ते एका खऱ्या गोष्टीवरून सांगतो.

आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी तालुक्याला डिप्लोमा शिकतो. त्याला घरी संगणक हवा होता. प्रोग्रॅमिंग शिकायचे आणि सुट्टीत गेमही खेळायचे, अशी दोन कामे. वडील म्हणाले, "अभ्यासाचं ठीक, पण खेळ कशाला रं?" तो म्हणाला, "दादा, मला पुढं गेम तयार करायला शिकायचंय. खेळल्याशिवाय कसं कळणार?" वडिलांना ते पटले. उसाचा पहिला हप्ता आला, तो घेऊन बापलेक शहरात गेले आणि जोडून ठेवलेला तयार संगणक घेऊन आले. काचेची पेटी, आत रंगीत दिवे, वर चिठ्ठी: 'आय-७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, गेमिंग आणि कोडिंगसाठी'. सारी आळी बघायला जमली.

आठ दिवसांनी वडील शाळेत आले. म्हणाले, "गुरुजी, पोरगं जेवंना. म्हणतंय मशीन चालंना. मला वाटतं यालाच चालवता येत नाही." मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेलो. पेटी उघडली आणि सारे ध्यानात आले. पोराची काही चूक नव्हती. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा प्रकार होता. आत प्रोसेसर होता २०११ सालचा!

आता एकेक भाग समजून घेऊ.

प्रोसेसर म्हणजे काम करणारे हात. आतल्या प्रत्येक कामकऱ्याला 'कोअर' म्हणतात. प्रोग्रॅम लिहून झाला की तो यंत्राच्या भाषेत बदलावा लागतो. ते काम प्रोसेसर करतो. मोठा प्रोग्रॅम असेल तर जास्त कोअर असलेला प्रोसेसर ते लवकर उरकतो. पण नुसते 'आय-७' या नावावर जाऊ नका. आय-७ हे नाव २००८ पासून चालत आलेले आहे. पाहायचा असतो त्यापुढचा आकडा. आय-७-२६०० यात २६०० मधला पहिला २ म्हणजे दुसरी पिढी. त्याला ४ कोअर. आय-५-१२४०० यात पहिले १२ म्हणजे बारावी पिढी. तो २०२२ मध्ये आला आणि त्याला ६ कोअर आहेत. म्हणजे नावाने धाकटा असलेला आय-५ कामाला थोरला निघाला! हा आकडा म्हणजेच संगणकाचे दात.

वयाचा आणखी एक तोटा आहे. विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी कंपनीने मान्य केलेल्या यादीत इंटेलचे बहुतेक आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर आहेत. दुसऱ्या पिढीच्या यंत्राला त्या पंगतीत पाटच नाही.

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. चालू असलेल्या कामाचे सामान त्यावर मांडलेले असते. ओटा लहान असला की सारखे उचल-ठेव करावे लागते आणि काम रखडते. नुसते शिकण्यापुरते प्रोग्रॅमिंग असेल तर ८ जीबी चालते. दोन्ही कामे करायची तर १६ जीबी असावी. तीही एका पट्टीत १६ असण्यापेक्षा ८ आणि ८ अशा दोन पट्ट्यांत बरी. विहिरीवर एक मोट आणि दोन मोटा यांत जो फरक, तोच इथे. दोन पट्ट्या असल्या की माहिती दोन वाटांनी येते.

साठवण म्हणजे धान्याचे कोठार. जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक चकती फिरते, बहुधा मिनिटाला ७२०० वेळा. म्हणजे सेकंदाला किती? १२० वेळा! तरीही हवी ती माहिती सुईखाली येईपर्यंत थांबावेच लागते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो, म्हणून ती कितीतरी चपळ. विंडोज आणि प्रोग्रॅम एसएसडीवरच असावेत. आजचे काही मोठे गेम एकेकटे १०० जीबीहून जास्त जागा खातात. म्हणून निदान ५१२ जीबी घ्यावी, जमल्यास १ टीबी.

आता ग्राफिक्स कार्ड. गेमची सारी गंमत इथेच आहे. पाटी-पेन्सिल घ्या आणि एक गणित करा. साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला की २०,७३,६०० ठिपके होतात. गेम सुरळीत दिसायचा तर सेकंदाला ६० चित्रे लागतात. पुन्हा गुणा. १२,४४,१६,००० ठिपके! दर सेकंदाला बारा कोटींहून जास्त ठिपके रंगवायचे. दोन-चार हुशार माणसांचे हे काम नव्हे. इथे गावजेवणाची पंगत वाढायची आहे. काम सोपे, पण वाढपी शेकड्यांनी पाहिजेत. ग्राफिक्स कार्डात असेच हजारो छोटे कामकरी असतात.

चिठ्ठीवर '४ जीबी ग्राफिक्स' लिहिले होते, ती कार्डाची स्मरणजागा. ती ट्रॉली झाली. ट्रॉली मोठी असून काय उपयोग, ट्रॅक्टरला जोर पाहिजे ना? जीटी ७३० हे कार्ड २०१४ सालचे आहे. पडदा चालवायला ते बनले आणि त्या कामाला ते चोख आहे. त्यात जास्तीत जास्त ३८४ कामकरी असतात. २०२३ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०६० मध्ये ३०७२ आहेत. बरोबर आठपट. शिवाय नवे कामकरी जुन्यांपेक्षा चलाख. म्हणून दुकानात 'किती जीबी' एवढेच विचारू नका. 'कोणते कार्ड, कोणत्या सालचे' हेही विचारा. आज नवे गेम खेळायचे तर कार्डाची स्मरणजागा ८ जीबी असावी.

ग्राफिक्स कार्ड वेगळे घ्यायचे नसेल तर? तेही चालते. नुसत्या प्रोग्रॅमिंगला त्याची गरज नाही. काही प्रोसेसरांच्या पोटातच चित्र काढायची थोडी शक्ती असते. मात्र इंटेलच्या आकड्यापुढे 'एफ' अक्षर असेल तर ती नसते, हे लक्षात ठेवा. तसा प्रोसेसर घेतला तर वेगळे कार्ड लागतेच, नाहीतर पडदा काळाच राहील.

आता ज्याच्याकडे कुणीच पाहत नाही तो भाग, म्हणजे एसएमपीएस. घरातली वीज संगणकाला मानवेल अशी करून देणारा हा डबा. तयार संगणकात पैसे वाचवायला बहुधा इथेच हात आखडतात. डब्यावर '८० प्लस' अशी खूण पाहावी. तिचा अर्थ असा की खुणेची पहिली पायरी गाठायलाही घेतलेल्या विजेतली निदान ८० टक्के वीज कामी लागावी लागते, बाकीचीच तेवढी उष्णता होऊन जाते. आरटीएक्स ४०६० असलेल्या संगणकाला ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस लागतो. काही कंपन्यांच्या तयार संगणकांत एसएमपीएस आणि मदरबोर्ड वेगळ्याच घाटाचे असतात. पुढे बिघडले तर बाजारातला साधा भाग बसत नाही. म्हणून आधीच विचारावे, "हा भाग बाहेर मिळतो का?"

आपल्याकडे वीज कधी जाईल आणि कधी झटक्याने येईल याचा नेम नाही. तेव्हा यूपीएस हवाच, आणि त्याआधी घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. यूपीएसवर 'व्हीए'चा मोठा आकडा छापलेला असतो. आपण वॅटचा आकडा पाहावा, तो लहान असतो. यूपीएस गेम खेळत बसण्यासाठी नाही, काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यासाठी आहे.

आणि एक छोटी पण हमखास होणारी चूक. पडद्याची वायर ग्राफिक्स कार्डाच्या खोबणीत लावायची, मदरबोर्डाच्या नाही. चुकीच्या खोबणीत लावली तर महागडे कार्ड आत नुसते बसून राहते आणि घरचे म्हणतात, "एवढे पैसे घालून काय मिळालं?"

मग त्या पोराचे पुढे काय झाले? वडिलांना मी पेटीतला प्रोसेसर दाखवला, त्यावरचा आकडा वाचून दाखवला. ते थोडा वेळ गप्प बसले. मग पोराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुझं काही चुकलं न्हाई. मीच झूल बघून आलो." दुकानदाराने यंत्र परत घ्यायला नकार दिला, कारण पावतीवर प्रोसेसरचा पूर्ण आकडाच नव्हता. म्हणून सांगतो, पावतीवर प्रत्येक भागाचे पूर्ण नाव आणि हमीची मुदत लिहून घेतल्याशिवाय पैसे मोजू नका.

यंत्र मात्र फेकून दिले नाही. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. विंडोजऐवजी उबुंटू घातले, ते फुकट मिळते. आता पायथॉनचे धडे त्यावर झकास चालतात. मोठे गेम चालत नाहीत. पण त्याने स्वतः एक सापाचा छोटा खेळ लिहिला आहे. परवा वडीलच तो खेळत बसले होते!

पैसे थोडे असतील तर काय करावे? आधी प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि एसएमपीएस चांगले घ्यावे. ग्राफिक्स कार्ड मागाहून बसवता येते, फक्त पेटीत जागा आणि एसएमपीएसमध्ये जोर हवा. रंगीत दिव्यांना मात्र एक पैसाही जास्त देऊ नये. दिव्यांनी गेम पळत नाही.

मुलांनो, दुकानात विचारायला लाजू नका. विचारणारा एक वेळ अडाणी दिसतो, न विचारणारा मात्र वर्षभर पस्तावतो. घरी कुणी संगणक घेणार असेल तर हा लेख त्यांना वाचून दाखवा.

सांगा पाहू!
१. आय-७-२६०० आणि आय-५-१२४०० यांत नवा कोणता? कशावरून?
२. सेकंदाला १४४ चित्रे दाखवायची तर फुल एचडी पडद्यावर किती ठिपके रंगवावे लागतील?
३. ग्राफिक्स कार्डाला ट्रॅक्टर म्हटले तर ट्रॉली कोणती?

उत्तरे वहीत लिहून शनिवारी आणावीत.